गुजरीतल्या अकीकच्या चकत्या: आधी पट्टे बघा, मग रंग

कोल्हापूरच्या गुजरीतल्या रत्नांच्या दुकानांत अकीकच्या, म्हणजे अगेट या पट्टेदार दगडाच्या, पॉलिश केलेल्या चकत्या मिळतात, पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या. चहाच्या कपाखाली ठेवायला नाहीतर शोकेससाठी. आम्ही पाहिलेल्या दुकानात नैसर्गिक आणि रंगवलेल्या चकत्या एकाच ट्रेत, एकाच भावात होत्या. आमची मुख्य तक्रार तीच.

राखाडी, दुधी, तपकिरी, विटकरी पट्ट्यांच्या चकत्या खुशाल घ्या. भडक गुलाबी, जांभळ्या, मोरपंखी दिसल्या तर त्या रंगवलेल्याच. दगड रंगवण्याचा धंदा जुना आहे, त्यात गैर काही नाही. न सांगता विकणं गैर. उजेडासमोर धरा. रंग कडेला आणि भेगांत गडद साचलेला दिसतो, मधल्या स्फटिकांत मात्र शिरत नाही, कारण प्रत्येक पट्टा सारखाच पाणी शोषत नाही. नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा मागच्या बाजूला घासा. हलक्या प्रतीचा रंग कापसावर उतरतो आणि असाच रंग उन्हात विटतोही. पण बोळा कोरा राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका. काळा अकीक साखरेच्या पाकात मुरवून मग सल्फ्युरिक आम्लात टाकतात. दगडाच्या आतच कोळसा तयार होतो, तो कशानेच निघत नाही.

पैसे मोजायचे ते पट्ट्यांसाठी. लाव्हा थिजताना वायूच्या पोकळ्या राहिल्या, पुढे सिलिका विरघळलेलं पाणी झिरपलं आणि भिंतीपासून आत थरावर थर बसत गेला. म्हणून पट्टे पोकळीच्या वळणानं वळतात, आणि मध्ये जागा उरली तर तिथे गारेचे (क्वार्ट्झचे) स्फटिक वाढतात. एखाद्या चकतीत खाली सरळ आडव्या रेषा दिसतात. अशी मिळाली तर सोडू नका: पोकळीची तळाकडची बाजू कुठली होती, ते त्या रेषा सांगतात.

दुकानदार सगळा माल 'नर्मदेचा' सांगतो. दख्खनच्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या दगडातून निघालेला अकीक गुजरातेतल्या रतनपूरहून खंबायतला जातो, हे खरं. पण ताटलीएवढ्या चकत्या बहुधा ब्राझीलच्या असतात. दगड खराच आहे, फक्त गाव चुकीचं. काचेची नक्कल मात्र परत करा. भिंगाखाली तिच्यात गोल बुडबुडे दिसतात.

पॉलिश ठीकठाक आहे. चकती ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की काहींवर करवतीचे कमानदार ओरखडे दिसतात. घासायच्या जाड पावडरीवरून मधल्या पायऱ्या न घेता थेट बारीकवर गेलं की असं होतं, आणि वरून कितीही चकाकी आणली तरी ते जात नाहीत.

गॅसवरून उतरवलेलं तांबड्या रश्श्याचं पातेलं चकतीवर टेकवू नका, एकदम तापून तडकते. खाली रबरी बटणं लावून मागा. मोहस् मापावर अकीकची कठीणता ६.५ ते ७, खिडकीच्या काचेची साडेपाचच्या आसपास. बटणं नसतील तर टीपॉयच्या काचेवर चरे पडतात.