गावाकडचा छोटा म्युझिक फेस्टिव्हल की मोठा?
मोठ्या फेस्टिव्हलला, म्हणजे बेल्जियममधल्या टुमॉरोलँडसारख्या, लाइट्स, आतषबाजी, एकाच वेळी कितीतरी स्टेज, सगळं भारीच असतं, पण स्टेजपासून 170 मीटर मागे उभं राहिलं की आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे 120 बीपीएमला (मिनिटाला 120 बीट्स) अख्खा एक बीट, डीजेचा हात आधी वर जातो आणि किक (ड्रमचा जाड 'धम') नंतर ऐकू येते 😄

छोट्यात शेताच्या कडेला एकच स्टेज, डीजे चार पावलांवर, कुठला नॉब फिरवतोय तेही दिसतं. मला तर हेच आवडतं. हां, जनरेटर बंद पडला की सगळंच गप्प, आणि टॉयलेटबद्दल न बोललेलंच बरं. पहाटे गवतावर दव पडून बूट चिंब होतात, जास्तीचे मोजे घेऊनच जा.