स्टार्टअप साउंड चालू ठेवून वापरलेला डेस्कटॉप: काही महिन्यांनंतरचं मत

विंडोज ११, मॅक आणि लिनक्स मिंट, तिन्हींवर कॉम्प्युटर सुरू होतानाचा आवाज मुद्दाम चालू ठेवून हा अनुभव लिहिला आहे. निकाल आधीच सांगतो. पासवर्ड विचारणारा स्क्रीन तयार झाल्याचा आवाज मूळ सेटिंगमध्ये चालू असावा. पासवर्ड टाकून आत गेल्यावर वाजणारा आवाज मूळ सेटिंगमध्ये बंद असावा. दोन्हींना लोक ‘स्टार्टअप साउंड’ म्हणतात, म्हणून हवा-नकोचा वाद कधी संपत नाही.

मशीन सुरू होताना आवाजाच्या एकूण चार जागा आहेत. सगळ्यात आधी मदरबोर्डची बीप. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून एक छोटी बीप म्हणजे हार्डवेअरची तपासणी पार पडली. दुसरी जागा मॅकची. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम लोड होण्याआधीच फर्मवेअर (मशीनमध्येच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) सूर वाजवतं, म्हणजे तो हार्डवेअरचा शेरा असतो. तिसरी जागा विंडोजची. तिथे व्हिस्टा आवृत्तीपासून आवाज लॉगिन स्क्रीनच्या, म्हणजे पासवर्ड विचारणाऱ्या स्क्रीनच्या, वेळी येतो. चौथी जागा मिंटची. त्याच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये तो लॉगिननंतर, पॅनेल आणि आयकॉन दिसू लागताना येतो. यातला चौथा आवाज सगळ्यात निरुपयोगी. पासवर्ड टाइप करणारा माणूस समोरच बसलेला असतो, त्याला डेस्कटॉप आल्याचं वेगळं कळवायची गरज नाही. हार्ड डिस्कच्या काळात लॉगिन करून माणूस चहा टाकायला जायचा, तेव्हा त्याला अर्थ होता. एसएसडीवर तेवढा वेळ उरतच नाही.

तिसऱ्या जागेचा आवाज कामाचा का, ते काही आठवडे वापरल्यावरच लक्षात येतं. हल्ली मशीन बंद कोण करतं? बहुतेक जण स्लीपवर टाकतात, आणि स्लीपमधून उठताना हा आवाज येत नाही. त्यामुळे तो ऐकू आला की एकच अर्थ निघतो: मशीन नव्याने सुरू झालं आहे. कोणी मुद्दाम केलं नसेल तर अपडेटने रीस्टार्ट घेतला, वीज गेली, किंवा सिस्टिम कोसळली. शेजारच्या खोलीत असतानाही एवढी माहिती मिळते, आणि उघड्या फाइली तपासायला लगेच उठता येतं.

आपल्याकडे विजेचा मुद्दा विशेष आहे. बायोसमध्ये (पीसीच्या मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये) ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा ‘एसी बॅक’ नावाचं सेटिंग असतं. ते ‘पॉवर ऑन’वर असेल तर वीज परत येताच डेस्कटॉप आपोआप सुरू होतो, ‘लास्ट स्टेट’वर असेल तर आधी चालू होता तरच. बॅकअप किंवा टॅलीचा सर्व्हर म्हणून चोवीस तास चालणाऱ्या मशीनवर हे सेटिंग लावलेलं असतंच. अशा मशीनला आवाज असला की वीज आल्यावर ते खरोखर लॉगिनपर्यंत पोहोचलं की डिस्क तपासत मध्येच अडकलं, हे मॉनिटर न लावता समजतं. आता रात्री तीनला वीज आली तर आवाजही तीनलाच येणार. ज्या खोलीत कोणी झोपतं, तिथे हे सेटिंग आणि हा आवाज एकत्र ठेवू नये.

मूळ सेटिंगमध्ये आवाज चालू ठेवण्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम कारण मात्र वेगळंच आहे. स्क्रीन न दिसणाऱ्या माणसाला लॉगिन स्क्रीन आला हे सांगणारं दुसरं काही नसतं. एनव्हीडीए हा स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम सुरू होताना चढते सूर वाजवतो, पण लॉगिन स्क्रीनवर तो हवा असेल तर त्याच्या जनरल सेटिंगमध्ये साइन-इनच्या वेळी वापरण्याचा पर्याय आधी निवडावा लागतो, आणि हे इन्स्टॉल केलेल्या प्रतीतच होतं, पोर्टेबलमध्ये नाही. दुसऱ्याचं किंवा नवं मशीन असेल तर तेवढाही आधार नाही. अशा वेळी विंडोजचा आवाज आला की कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबून नॅरेटर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा स्क्रीन वाचणारा प्रोग्रॅम, सुरू करता येतो. आवाज नसेल तर कधी दाबायचं? अंदाजाने दाबत राहायचं. डेबियन या लिनक्सचा इन्स्टॉलर ही गोष्ट फार आधीपासून नीट करतो: बूट मेनू आला की बीप वाजते, मग ‘एस’ आणि एंटर दाबलं की पुढचं सगळं इन्स्टॉलेशन बोलून होतं. ज्याला आवाज नको त्याला तो बंद करायचं सेटिंग दिसतं. ज्याला हवा आहे, त्याला ते सेटिंग दिसतच नाही. मूळ सेटिंग कोणाच्या सोयीने ठरावं, याचं उत्तर माझ्या दृष्टीने इथेच मिळतं.

तक्रारीही खऱ्या आहेत. विंडोज ८ ने २०१२ मध्ये हा आवाज मूळ सेटिंगमध्ये बंद केला, १० मध्येही तो बंदच राहिला, आणि २०२१ च्या विंडोज ११ ने नव्या, मऊ सुरात तो परत चालू केला. ॲपलने २०१६ च्या मॅकबुक प्रोपासून तो काढला आणि २०२० च्या बिग सरमध्ये पर्याय म्हणून परत दिला. दोन्हीकडे मागे-पुढे होण्यामागे, माझ्या मते, आवाज लॉगिनच्या आधी की नंतर यापेक्षा लॅपटॉपचा वाटा मोठा आहे. लॅपटॉप वाचनालयात, मीटिंगमध्ये, झोपलेल्या बाळाशेजारी उघडला जातो.

त्यात व्हॉल्यूमचा घोटाळा आहे, आणि रोजच्या वापरात सगळ्यात जास्त त्रास यानेच होतो. विंडोज प्रत्येक आउटपुटचा व्हॉल्यूम वेगळा लक्षात ठेवतं. दिवसभर ब्लूटूथ हेडफोन २० वर ठेवून काम केलं, पण लॅपटॉपचे स्पीकर मागच्या रविवारी मॅच बघताना ९० वर सोडलेले आहेत. मशीन सुरू होताना ब्लूटूथ अजून जोडलेलं नसतं, त्यामुळे आवाज स्पीकरमधून आणि ९० वर येतो. हेडफोन कानावर असले तरी उपयोग नाही. यावर उपाय म्हणजे हेडफोन काढून स्पीकरचा व्हॉल्यूम एकदा हाताने खाली आणून ठेवणे. म्यूट केलेले स्पीकर पुढच्या वेळीही म्यूटच राहतात.

विंडोजमध्ये या आवाजाला स्वतःचा व्हॉल्यूम का नाही, हे कळत नाही. खरं तर नियम सोपा करता आला असता: आवाज चालू, पण ठरावीक मर्यादेच्या वर कधीच नाही, आणि लॅपटॉप असेल तर पहिल्या सेटअपमध्येच वायफाय, भाषा विचारता तसा एक प्रश्न. मशीन टॉवर आहे की लॅपटॉप, हे ऑपरेटिंग सिस्टिमला ओळखता येतं. बायोसच्या माहितीत चेसिसचा प्रकार आकड्यात नोंदवलेला असतो, ३ म्हणजे डेस्कटॉप, ९ लॅपटॉप, १० नोटबुक.

आता विंडोजवर चालू-बंद कसं करायचं ते. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, थीम्स, साउंड्स. उघडलेल्या खिडकीत तळाला ‘प्ले विंडोज स्टार्टअप साउंड’ची चौकट आहे. ही चौकट आख्ख्या मशीनची असते. आवाज कोणी लॉगिन करण्याआधीच वाजत असल्यामुळे घरातल्या एकाने बंद केला की सगळ्यांचा बंद. चौकट पुसट दिसत असेल आणि टिक बदलता येत नसेल तर ऑफिसच्या ॲडमिनने पॉलिसी लावलेली असण्याचीच शक्यता जास्त. शाळेच्या लॅबमध्ये एकावेळी सगळी मशीन सुरू होतात, तिथे ही पॉलिसी लावणंच शहाणपणाचं: ग्रुप पॉलिसीत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, लॉगऑन, आणि त्यात ‘टर्न ऑफ विंडोज स्टार्टअप साउंड’. होम एडिशनमध्ये ग्रुप पॉलिसीचा एडिटर नसतो, तिथे प्रत्येक मशीनवर चौकटच गाठावी लागते.

टिक असूनही आवाज येत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. आधी एक चाचणी करा: ‘रीस्टार्ट’ करून बघा. रीस्टार्टला आवाज येतो आणि शट डाउन करून सुरू केल्यावर येत नाही, असं असेल तर कारण फास्ट स्टार्टअप. त्यात शट डाउनच्या वेळी विंडोजचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो, म्हणजे पूर्ण बूट होतच नाही. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबली की फास्ट स्टार्टअपची टिक काढता येते. एसएसडी असेल तर सुरू व्हायला थोडेच सेकंद जास्त लागतात.

आवाज येतो पण सुरुवात कापलेली असते, तर स्पीकर कुठले ते बघा. एचडीएमआयने मॉनिटरच्या स्पीकरवर आवाज जात असेल तर मॉनिटर जागा होऊन ऑडिओ पकडेपर्यंत एक-दोन सेकंद जातात आणि तेवढा सूर हरवतो. मदरबोर्डच्या हिरव्या जॅकला साधे स्पीकर लावले की हा प्रश्न मिटतो.

आपल्या आवडीचा सूर लावायचा असेल तर विंडोज थोडं अडून बसतं. स्टार्टअपचा आवाज एका सिस्टिम फाइलीच्या आत भरलेला असतो, साउंड्सच्या यादीत तो बदलता येत नाही. ती फाइल फोडून बदलायच्या युक्त्या इंटरनेटवर सापडतील, पण सिस्टिम फाइलींची दुरुस्ती चालवली की मूळ फाइल परत येते. सरळ मार्ग टास्क शेड्युलरचा (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीचा) आहे, ‘ॲट लॉग ऑन’ ट्रिगर लावून पॉवरशेल या विंडोजच्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनातल्या साउंडप्लेअरने वेव्ह फाइल वाजवणे. दोन ठिकाणी हमखास फसगत होते. ‘प्ले’ वापरलं तर सूर सुरू होण्याआधीच स्क्रिप्ट संपते आणि काहीच ऐकू येत नाही, ‘प्लेसिंक’ वापरावं लागतं. आणि टास्कच्या कंडिशन्समध्ये ‘फक्त एसी पॉवरवर असताना’ ही टिक आधीपासून असते, त्यामुळे चार्जर काढलेला लॅपटॉप गप्प राहतो. एमपी३ चालत नाही, वेव्हच हवी. अर्थात हा लॉगिननंतरचा आवाज झाला, म्हणजे निव्वळ हौस.

मिंटवर उलट आहे. मूळ आवाज लॉगिननंतरचा, तो सिस्टिम सेटिंग्जमधल्या साउंड पानावर ‘साउंड्स’ टॅबमध्ये ‘स्टार्टिंग सिनॅमन’समोरचा खटका बंद केला की जातो. लॉगिन स्क्रीनचा आवाज हवा तर ‘इटीसी’ फोल्डरमधल्या ‘लाइटडीएम’मध्ये ‘स्लिक-ग्रीटर’ची (मिंटचा लॉगिन स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची) कॉन्फ फाइल रूट, म्हणजे ॲडमिन, म्हणून उघडून ‘ग्रीटर’ भागात ‘प्ले-रेडी-साउंड’ची ओळ घालायची आणि बरोबरीच्या चिन्हापुढे आवाजाच्या फाइलीचा पूर्ण पाथ द्यायचा. फाइल स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवू नये. लॉगिन स्क्रीन वेगळ्या युजरच्या नावाने चालतो, त्याला तुमचं होम वाचता येत नाही आणि मग कुठलाही एरर न दाखवता शांतता. ‘यूएसआर’, ‘शेअर’, ‘साउंड्स’ या जागी ठेवली की वाजते. तीन सेकंदांपेक्षा मोठी फाइल देऊ नका, पासवर्ड टाकून होतो आणि सूर मध्येच तुटतो. सूर वाजण्याआधी स्पीकरमधून ‘टप’ असा आवाज येत असेल तर इंटेलच्या ऑडिओ ड्रायव्हरचं पॉवर सेव्हिंग शून्यावर आणून बघावं.

मॅकबद्दल थोडक्यात: सिस्टिम सेटिंग्ज, साउंड, ‘प्ले साउंड ऑन स्टार्टअप’. याहून जास्त काही करावं लागत नाही, करूही देत नाहीत. जुन्या इंटेल मॅकवर सुराऐवजी दर पाच सेकंदांनी एक टोन आला तर रॅम सापडलेली नाही, तीन टोन आणि मग पाच सेकंदांची विश्रांती असं चाललं तर रॅम तपासणीत नापास झाली आहे.

असेंबल केलेल्या पीसीवर हीच सोय हवी असेल तर एक छोटी खरेदी करावी. मदरबोर्डवर ‘स्पीकर’ लिहिलेल्या चार पिना असतात, पण तिथे लावायचा बझर आता कॅबिनेटबरोबर बहुधा मिळत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत किरकोळ किमतीत मिळतो. लाल वायर पाच व्होल्टच्या पिनेकडे ठेवायची. एरवी तो एक बीप देऊन गप्प बसतो. स्क्रीन काळा राहिला की मात्र विंडोजचा सूर, मिंटचा सूर, कोणीच कामाला येत नाही, तिथे हाच बोलतो. असूसच्या बोर्डवर एक लांब आणि दोन छोट्या बीप म्हणजे रॅम सापडली नाही, एक लांब आणि तीन छोट्या म्हणजे ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही. इतर कंपन्यांचे संकेत वेगळे असतात, त्यामुळे मॅन्युअलमधलं ते पान फोटो काढून फोनमध्ये ठेवावं. मशीन सुरूच होत नसताना त्याच मशीनवर पीडीएफ उघडता येत नाही.