ड्युअल बूट लॅपटॉप आणि ‘मदरबोर्ड गेला’ची थाप: एका बिलाची चिरफाड

विंडोज आणि लिनक्स शेजारीशेजारी असलेला लॅपटॉप एके दिवशी सुरूच होत नाही. घाबरून दुकानात नेला की ‘मदरबोर्ड गेलाय, एसएसडीपण उडालीय’ असं ऐकवतात. खरं तर मशीनचा एकही भाग बिघडलेला नसतो. अशाच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीचं बिल आमच्यासमोर आहे. चिप-लेव्हल काम (म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपांची दुरुस्ती) ४,५०० रुपये, नवी एसएसडी ४,३००, डेटा रिकव्हरी ३,५०० आणि ओरिजिनल विंडोज २,५००, असे एकूण १४,८०० रुपये. यातला एकही खर्च करायची गरज नव्हती. दुकानाचं नाव इथे देत नाही, कारण हीच पद्धत अनेक ठिकाणी चालते आणि ती ओळखता येणं जास्त गरजेचं आहे.

आधी मूळ बिघाड. लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू २२.०४ होतं, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू प्रोग्रॅमच चालू देणारी तपासणी) चालू होतं. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच साठवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये) एक नवी यादी लिहिली. तिचं नाव एसबॅट. लिनक्स सुरू करणारा ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्रॅम अमुक आवृत्तीपेक्षा जुना असेल तर तो चालू द्यायचा नाही, असं ही यादी सांगते. ड्युअल बूट मशीनवर ती लावायची नाही असं मायक्रोसॉफ्टने ठरवलं होतं, पण अनेक मशीनवर दुसरी सिस्टिम अपडेटला ओळखताच आली नाही. मग पडद्यावर ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ असा संदेश येतो, त्यात ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ असे शब्द असतात आणि काही सेकंदांत लॅपटॉप बंद पडतो. माणूस फसतो तो या बंद पडण्यामुळे. आपोआप बंद होणारं यंत्र म्हणजे हार्डवेअरचा दोष, असं कुणालाही वाटेल. इथे मात्र तपासणी नापास झाल्यावर शिमच मशीन बंद करतो. मायक्रोसॉफ्टने ही चूक मान्य केली आणि कायमचा इलाज मे २०२५ च्या अपडेटांतून दिला.

आता बिलाची पहिली ओळ. मदरबोर्ड ठीक आहे की नाही हे घरी एका मिनिटात कळतं. लॅपटॉप चालू करताच बूट मेनूची कळ दाबत राहा: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असुसवर एस्केप. एसरवरही एफ१२ असते, पण ती कधीकधी आधी फर्मवेअर सेटिंगमध्ये चालू करावी लागते. यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ आणि ‘उबुंटू’ अशा दोन नोंदी दिसतील. विंडोजची निवडा. विंडोज उघडलं, तर बोर्ड, रॅम, एसएसडी सगळं चालू आहे आणि चिप-लेव्हल कामाचा प्रश्नच मिटला. या मुलीच्या मशीनवर विंडोज उघडलं असतं. हे बटण दुकानदाराने दाबून दाखवलं नाही.

खरी दुरुस्ती सांगतो. बूट मेनूतून विंडोजमध्ये जा आणि बिटलॉकरची (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. शक्य असेल तर बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा. मग फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट बंद करा, उबुंटू सुरू करा आणि टर्मिनलमध्ये ‘सुडो मोकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ ही आज्ञा द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत: sudo mokutil --set-sbat-policy delete). सिक्युअर बूट बंदच ठेवून पुन्हा एकदा उबुंटूमध्ये या, सगळी अपडेट घ्या म्हणजे नवा शिम बसेल, आणि मग सिक्युअर बूट चालू करा. मधला रीस्टार्ट गाळू नका, यादी पुसली जाते ती त्याच वेळी. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम, सुटा भाग एकही लागत नाही.

दुसरी ओळ, एसएसडी. दुकानात कुणीतरी सिक्युअर बूट बंद केलं, पण बिटलॉकरचा विचार केला नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलेल्या बऱ्याच विंडोज ११ लॅपटॉपांवर डिस्क न विचारताच एन्क्रिप्ट झालेली असते. सिक्युअर बूटची स्थिती बदलली की बिटलॉकरला छेडछाडीचा संशय येतो आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागितली जाते. हाच पडदा दाखवून ‘एसएसडी लॉक होऊन करप्ट झाली’ असं सांगण्यात आलं. ती की विद्यार्थिनीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, डिव्हाइसेसच्या पानावर, होती. मोबाइलवरून लॉग-इन करून वाचता आली असती.

जुनी एसएसडी परत मिळाली नाही. ‘नवी’ म्हणून बसवलेली कोरी नव्हती. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा लिनक्सवर स्मार्टसीटीएल हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम चालवला की ‘पॉवर-ऑन अवर्स’, म्हणजे डिस्क किती तास चालली ते, दिसतात. खरोखर नव्या एसएसडीवर ते शून्याच्या आसपास असायला हवेत. इथे आकडा चार अंकी होता. एसएसडी गेलीय असं कुणी म्हणालं तर त्याच प्रोग्रॅममधल्या तीन नोंदी दाखवायला सांगा: ‘मीडिया एरर’ शून्य आहेत का, ‘अव्हेलेबल स्पेअर’ शंभराच्या जवळ आहे का आणि ‘पर्सेंटेज यूज्ड’ किती. या तिन्ही नीट असतील तर एसएसडी गेली असं म्हणायला आधार उरत नाही.

तिसऱ्या ओळीने आम्हाला सर्वांत जास्त राग आला, कारण नुकसान भरून येण्यासारखं नाही. मुलीचा प्रोजेक्ट उबुंटूच्या पार्टिशनमध्ये होता आणि बिटलॉकर फक्त विंडोजचा भाग कुलूपबंद करतो. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटूची लाइव्ह प्रत घेतली असती आणि ‘ट्राय उबुंटू’ निवडलं असतं, तर उबुंटूचं ईएक्सटी४ प्रकारचं पार्टिशन तिथेच उघडून सगळ्या फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवता आल्या असत्या. त्याऐवजी फॉरमॅट मारला गेला. एसएसडी फॉरमॅट होताना सिस्टिम ट्रिमची (हे कप्पे आता मोकळे, अशी) सूचना पाठवते, मोकळे झालेले कप्पे कंट्रोलर स्वतःहून पुसून टाकतो आणि त्यानंतर डेटा मिळण्याची शक्यता जवळपास संपते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतरही बरंच काही सापडायचं, तोच अनुभव सांगून एसएसडीच्या रिकव्हरीचे पैसे घेतले जातात. म्हणून आधी कॉपी, मग बाकी सगळं. हे दुकानदाराला लेखी द्या.

चौथी ओळ ‘ओरिजिनल विंडोज’ची. विंडोजसकट विकल्या गेलेल्या लॅपटॉपची की फर्मवेअरमध्येच साठवलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि इंटरनेट जोडलं की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं, वेगळे पैसे लागत नाहीत. दुकानदाराने काय टाकलंय ते तपासायला रन खिडकीत ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’ (slmgr /xpr) टाका. कायमचं ॲक्टिव्हेशन असेल तर तसं लिहून येतं. मुदतीची तारीख आली तर ते बहुधा केएमएस प्रकारचं (मोठ्या संस्थांसाठीचं, ठराविक मुदतीचं), १८० दिवसांचं आहे. घरगुती लॅपटॉपवर असं दिसलं तर क्रॅक वापरल्याची दाट शंका घ्या. असले ॲक्टिव्हेटर चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद केलेला असतो, म्हणून त्या विंडोजवरून बँकेचं काम करू नका.

ड्युअल बूटच्या आणखी काही निरुपद्रवी लक्षणांवरही अशीच बिलं निघतात. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतं. याला ‘सीमॉस बॅटरी (बोर्डावरचं घड्याळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी) गेली’ म्हणतात, आणि कधी बोर्डालाच दोष देतात. लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं, आणि आपल्या देशाचा फरक साडेपाच तासांचा आहे. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ (timedatectl set-local-rtc 1) ही आज्ञा दिली की झालं. लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नसेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, डिस्क खराब नसते. अपडेटनंतर ग्रबचा (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रॅमचा) मेनूच गायब होऊन थेट विंडोज उघडत असेल, तर फर्मवेअरमधला बूट क्रम बदललाय. उबुंटूची नोंद वर सरकवा.

एका बाबतीत मात्र खरंच जपायला हवं. फर्मवेअरमधला स्टोरेजचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आरएआयडीवरून एएचसीआयवर असाच बदलला तर विंडोज ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळं पडतं. काही कारागीर तो बदलतात आणि मग ‘विंडोज उडालं’ म्हणतात. मोड पहिल्यासारखा केला की विंडोज परत येतं.

दुकानात मशीन द्यावंच लागलं तर जॉबशीटवर (दुरुस्तीला दिल्याच्या पावतीवर) एसएसडीची कंपनी, मॉडेल, क्षमता आणि सीरियल नंबर लिहून घ्या आणि स्मार्टसीटीएलच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मिळेल आणि परवानगीशिवाय फॉरमॅट करायचा नाही, या दोन ओळी लिहून सही घ्या. सुट्या भागाचा भाव मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या विक्रेत्याला फोन करून किंवा ऑनलाइन पाहून ताडा. सर्चमध्ये सापडलेल्या ‘हेल्पलाइन’ने एनीडेस्क (दूरून कॉम्प्युटरचा ताबा देणारं ॲप) उघडायला सांगितलं तर फोन ठेवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीतल्या लाल खुणा प्रत्येक निरोगी मशीनवरही असतात, त्याच दाखवून ते घाबरवतात.

पैसे गेलेच असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. ऑनलाइन किंवा दूरून ताबा घेऊन फसवणूक झाली असेल तर १९३० वर फोन करा, आणि तोही लगेच, कारण पैसे वाटेत अडवता येतात ते पहिल्या काही तासांत. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. अर्जासोबत जीएसटी बिल, जॉबशीट, लॅपटॉपचं मूळ खरेदी बिल, बसवलेल्या एसएसडीच्या ‘पॉवर-ऑन अवर्स’चा फोटो आणि ॲक्टिव्हेशनच्या खिडकीचा फोटो जोडा. दुकानदाराशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं फोन बदलण्याआधी एक्स्पोर्ट करून ठेवा.