पोस्टफिक्सच्या जोडीला क्लॅमएव्ही : वापरानंतरचा अभिप्राय

पोस्टफिक्स या मेल पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सर्व्हरवर व्हायरस-तपासणी बसवायची असेल, तर क्लॅमएव्ही हे मुक्त स्रोत साधन मी निःशंकपणे सुचवेन. मात्र ते बसवायला जितके सोपे आहे, तितकेच अर्धवट बसवायलाही सोपे आहे. 2002 साली सुरू झालेला हा प्रकल्प आता सिस्कोचा टॅलोस गट सांभाळतो.

मला सर्वाधिक भावला तो त्याचा मिल्टर, म्हणजे येणारा मेल पोस्टफिक्सकडून घेऊन तपासणीला देणारा जोड-प्रोग्राम. पाठवणारा सर्व्हर अजून जोडलेला असतानाच तपासणी होते आणि बाधित मेल स्वीकारण्यापूर्वीच नाकारता येतो. एकदा स्वीकारलेला मेल नंतर परत पाठवायचा म्हटले, तर पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा बनावट असल्यामुळे ती सूचना भलत्याच निरपराध माणसाकडे जाते. हे टळावे म्हणून मी बाधित मेल विलग ठेवण्याचे मूळ सेटिंग बदलून ‘रिजेक्ट’ केले.

अँटीव्हायरस चालतो का हे पाहण्यासाठी असलेली आयकार या संस्थेची 68 अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल मी दुसऱ्या सर्व्हरवरून आधी झिप करून आणि नंतर त्या झिपचीही झिप करून पाठवली. दोन्ही वेळा मेल नाकारला गेला आणि लॉगमध्ये आयकारचे नाव उमटले. तीच फाइल पासवर्ड लावून पाठवली, तेव्हा ती थेट इनबॉक्समध्ये पोहोचली. अशा फाइल अडवण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते, आणि सुरू केल्यास पासवर्ड लावलेली खरी कागदपत्रेही अडतात. म्हणून हा निर्णय वापरणाऱ्यांना विचारूनच घ्यावा.

मेमरीबाबत काटकसर करू नये. क्लॅमडी या सतत चालू राहणाऱ्या तपासणी-सेवेच्या सिग्नेचर, म्हणजे व्हायरस ओळखण्याच्या खुणा, एक जीबीहून अधिक रॅम व्यापतात, आणि फ्रेशक्लॅम या अद्ययावत करणाऱ्या प्रोग्रामने नव्या सिग्नेचर आणल्या की त्या लोड होईपर्यंत जुन्याही मेमरीत राहत असल्याने ही गरज काही काळ जवळपास दुप्पट होते. शिवाय आजच निघालेला व्हायरस सिग्नेचर येईपर्यंत निसटू शकतो, त्यामुळे एक्झी (थेट चालणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइल मी पोस्टफिक्समध्येच अडवतो.

तपासणी बंद पडल्यास मेल तात्पुरता थोपवण्याचे मूळ सेटिंग मात्र मी तसेच ठेवले आहे. खात्रीसाठी क्लॅमडी मुद्दाम बंद करून एक मेल पाठवला. तो पाठवणाऱ्या सर्व्हरच्या रांगेत थांबला आणि सेवा पूर्ववत केल्यावर, पुढच्या प्रयत्नात तपासणी होऊन पोहोचला.