300 चा आकडा तेव्हाच खटकायला हवा होता

14,850 रुपये गेले. दोन कफ प्रेशर मॅनोमीटर, म्हणजे भूल देताना श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबच्या फुग्यातला (त्याला कफ म्हणतात) दाब मोजायची यंत्रं, 6,800 ला एक. वर ‘कॅलिब्रेशन सर्टिफिकेट’चे 900 आणि कुरिअरचे 350. मी भूलतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या पाच-सहा हॉस्पिटलांत बॅग घेऊन फिरते. तेव्हा हसा खुशाल.

कंपनीचा माल महाग, आणि छोट्या हॉस्पिटलात कुणी घेऊन देत नाही. बहुतेक ठिकाणी अजूनही पायलट बलून, म्हणजे कफला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा, चिमटीत दाबून ‘ठीक आहे’ म्हणतात. बोटांना 30 आणि 60 मधला फरक कळत नाही, हे मीच ज्युनियरांना शिकवते. म्हणून स्वतःच्या पैशाने घ्यायला गेले. हाव नव्हती हो.

विक्रेता म्हणाला, “मॅडम, एक्स्पोर्टचा माल आहे, बिल नंतर पाठवतो.” पैसे यूपीआयने आधी. बिल आजतागायत नाही. बिलाशिवाय सुईसुद्धा घेऊ नका.

डबा उघडला तेव्हाच कळायला हवं होतं. डायलवर आकडे 300 पर्यंत! श्वासनलिकेतल्या कफला दाब लागतो 20 ते 30 सेंटीमीटर पाण्याइतका. 300 कशाला? ट्रॅक्टरचं टायर भरायचंय? आणि मी काय म्हटलं, तर ‘रेंज जास्त दिलीय, बरंच आहे.’ 20 ते 30 वर हिरवी पट्टी चिकटवलेली, तिचा कोपरा उचललेला. नखाने दाबून परत बसवला मी. माझ्याच नखाने!

तो बीपीच्या यंत्राचा डायल होता. एककावर स्टिकर, खाली मिमी पारा. म्हणजे मी 25 वर ठेवत होते तेव्हा आत 34 सेंटीमीटर पाणी. 30 च्या वर गेलं की श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा आवळायला लागतो. त्यात नायट्रस (भुलेचा वायू) चालू असेल तर तो कफमध्ये शिरून दाब आणखी चढवतो. चार तासांच्या केसनंतर शाळेतल्या एका बाईंचा आवाज तीन दिवस बसला. ट्यूबनंतर घसा दुखतोच, अशी मी समजूत घातली. त्यांची आणि माझीही. आता नीट बोलतात. पण त्या समोर दिसल्या की मी रस्ता बदलते.

शेवटी आयव्ही सेटच्या नळीचा यू केला, पाणी भरलं, सिरिंजने हवा दाबून दोन पातळ्यांत टेपने 25 सेंटीमीटर फरक आणला. काटा 18 वर. दहा मिनिटांचं काम, पहिल्याच दिवशी करायचं होतं. तुम्ही आजच करा, कंपनीचा असला तरी.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, “यंत्र चालतंय ना? मग फसवणूक कसली?” पंधरा मिनिटं पारा आणि पाण्यातला फरक समजावला, तर “दोन्ही पातळच ना मॅडम.” एका सरकारी कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने विचारलं बिल कुठंय. बिल नाही म्हणताच फाईल मिटली. तिसऱ्या ठिकाणी साहेब दौऱ्यावर, दोन फेऱ्यांत दोन्ही वेळा. अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडेना! माझ्या दोन ओटी (ऑपरेशन थिएटरची कामं) बुडाल्या त्या वेगळ्याच. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मला जाग आली तेव्हा दीड महिना झाला होता.

त्या विक्रेत्याने मला ब्लॉक केलंय. ओटीतल्या सिस्टरना नाही. काल त्यांच्या फोनवर त्याचं स्टेटस पाहिलं. तोच डायल, तीच हिरवी पट्टी, भाव 5,900.