त्वचेसाठी वनस्पतिजन्य घटक की मेडिकलवरील साधी मलमे? खान्देशातील हवेत निवड करताना

खान्देशात त्वचेच्या निगेचा विचार हवेपासूनच सुरू करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवेत ओलावा नावालाच उरतो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा दहा अंशांखाली उतरतो आणि कोरड्या थंडीने ओठ व टाचा उलतात. किनारपट्टीच्या दमट हवेत राहणाऱ्यांसाठी दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. या हवेत राहणाऱ्या माणसासमोर साधारण तीन पर्याय असतात : कोरफड, हळद, घाण्याचे तेल असे घरचे ताजे पदार्थ, वनौषधींचे चित्र छापलेली तयार क्रीम, आणि मेडिकलवर मिळणारी पेट्रोलियम जेली, ग्लिसरीन यांसारखी साधी, बिनवासाची द्रव्ये. माझ्या मते यांपैकी कोणताही एक पर्याय सगळ्या कामांना पुरत नाही. कोरडेपणावर वनस्पतींची तेले खरोखर उपयोगी पडतात, मुरमांवर काही प्रमाणात वनस्पती चालतात, उन्हापुढे मात्र त्या जवळजवळ निष्प्रभ ठरतात.

कोरडेपणा

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींच्या मधल्या जागा स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात आणि त्यांच्यामुळे आतील पाणी उडून जात नाही. तेलांत आढळणारे लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल या आवरणाच्या घडणीतील एक आवश्यक घटक आहे. पारंपरिक वाणांच्या करडईच्या तेलात त्याचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक असते आणि सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलातही ते भरपूर असते. याउलट ओलिक आम्ल हे दुसरे मेदाम्ल अधिक असलेली तेले या आवरणाची घट्ट वीण सैल करतात. प्रौढांच्या त्वचेवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावल्यानंतर आवरण कमकुवत झाल्याचे अभ्यासात दिसले आहे. त्यामुळे महागड्या आयात तेलाच्या बाटलीपेक्षा लाकडी घाण्यावरचे करडईचे तेल चेहऱ्याला व लहान मुलांच्या अंगाला अधिक योग्य ठरते, हे अनेकांना पटणार नाही, पण वस्तुस्थिती तशीच आहे. शेंगदाण्याच्या तेलातही ओलिक आम्ल बरेच असते. ते स्वयंपाकघरातच शोभते.

खोबरेल तेलाचा मामला थोडा निराळा आहे. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते, कोरड्या अंगाला ते चांगले मानवते, परंतु ज्यांना मुरूम येतात त्यांच्या चेहऱ्यावर ते रंध्रे बुजवू शकते. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुवा भागात मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळंबीचे तेल निघते. थंडीत ते तुपासारखे थिजते आणि त्यात ओलिक व स्टिअरिक आम्लांचा भरणा असतो. चेहऱ्यासाठी ते मी सुचवणार नाही. पण उललेल्या टाचा, कोपरे आणि कामाने खरखरीत झालेले तळवे यांना असा जाड, बसून राहणारा थरच हवा असतो.

याच्या शेजारी पेट्रोलियम जेली ठेवून पाहावी. ती त्वचेला कोणताही पोषक घटक देत नाही, तिला खनिज तेलापासून बनवतात आणि ‘नैसर्गिक’ म्हणून तिचे कोणी कौतुक करत नाही. तरीही पाणी उडू न देण्याच्या एकाच कामात ती कोणत्याही वनस्पती तेलापेक्षा सरस ठरते. ती खवट होत नाही, तिची ॲलर्जी अगदी क्वचित होते आणि ती स्वस्त असते. तिचा दोष चिकटपणाचा. उन्हाळ्यात दुचाकीवरून निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ती लावली तर रस्त्याची सगळी धूळ तिच्यावर येऊन बसते. म्हणून ती रात्रीसाठी आणि टाचांसाठी ठेवावी, आणि अंघोळीनंतर अंग पुरते कोरडे होण्यापूर्वी लावायला करडई किंवा खोबऱ्याचे तेल वापरावे.

ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, परंतु कोरड्या हवेत ते तसेच दाट लावले तर ते त्वचेच्या आतल्या थरातूनच पाणी ओढते. ते पाण्यात किंवा गुलाबपाण्यात पातळ करून लावावे आणि वर तेलाचा हलका हात फिरवावा. गंमत अशी, की मेडिकलवरचे हे ‘रसायन’ पुष्कळदा वनस्पती तेलांपासूनच मिळवलेले असते.

कोरफड : कुंडीतली आणि बाटलीतली

कुंडीतले पान कापले की सालीलगतच्या भागातून पिवळा, कडू चीक गळू लागतो. त्यातील ॲलोइनमुळे त्वचेला खाज सुटू शकते, म्हणून पान काही वेळ उभे धरून चीक निथळू द्यावा, काटेरी कडा व साल काढावी, आतला पारदर्शक गर धुवावा आणि मगच तो लावावा. या गरात सुमारे ९८ ते ९९ टक्के पाणी असते. लावताक्षणी गार वाटते, उन्हाने भाजल्यासारख्या झालेल्या कातडीला आराम पडतो. पण पाणी उडाले की कातडी ताणल्यासारखी होते, त्यामुळे त्यावर तेल लावावेच लागते. उरलेला गर फ्रिजमध्येही फार दिवस टिकत नाही. बाटलीतल्या जेलमध्ये टिकाऊपणासाठी परिरक्षक घातलेले असतात आणि ते असणे हा दोष नव्हे, कारण पाणी असलेल्या उत्पादनात ते नसतील तर बुरशी व जिवाणू वाढतात. बाटली घ्यायचीच असेल तर हिरवा रंग आणि सुगंध नसलेली घ्यावी, कारण कोरफडीचा गर मुळात रंगहीन असतो.

तयार ‘हर्बल’ क्रीम

या वर्गाबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर एक टक्क्यापेक्षा अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापले जातात आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने येतात. फिनॉक्सिइथेनॉल हा परिरक्षक जास्तीत जास्त एक टक्का वापरता येतो. यावरून एक सोपी कसोटी मिळते : डबीच्या पुढच्या बाजूला हळद, कडुनिंब आणि केशर यांची चित्रे असतील आणि मागच्या यादीत ती नावे फिनॉक्सिइथेनॉलच्या नंतर आली असतील, तर त्या वनस्पतींचे प्रत्येकी प्रमाण एक टक्क्याच्या वर नाही हे नक्की. अशा क्रीममध्ये जे काम होते ते बहुधा पाणी, ग्लिसरीन आणि मेणासारख्या घटकांचे असते, आणि तेच घटक साध्या मॉइश्चरायझरमध्ये कमी किमतीत मिळतात. वासाचा त्रास होणाऱ्यांनी तर या वर्गापासून लांबच राहावे. वनस्पतींची सुगंधी तेले हे ॲलर्जीचे नेहमीचे कारण आहे.

मुरूम आणि डाग

इथे वनस्पतींच्या बाजूने एक चांगला दाखला आहे. ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर केलेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पाच टक्के तेलाच्या जेलची मुरमांवरच्या नेहमीच्या औषधाशी, म्हणजे पाच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडशी, तुलना झाली. दोन्हींनी मुरूम कमी झाले. टी ट्रीचा परिणाम उशिरा दिसला, पण चुरचुर आणि त्वचा सोलवटण्याचा त्रास कमी झाला. ज्यांची त्वचा नाजूक आहे आणि ज्यांना घाई नाही त्यांनी पहिला पर्याय घ्यावा. लग्नसराई तोंडावर असेल तर दुसरा. मात्र टी ट्रीचे शुद्ध तेल थेट चेहऱ्याला लावू नये.

हळदीतील कर्क्युमिन दाह कमी करते, पण हळदीत त्याचे प्रमाण जेमतेम काही टक्के असते, ते त्वचेत सहजी शिरत नाही आणि उजेडात विघटित होते. बाजारातील सुट्या हळदीत रंगासाठी लेड क्रोमेटची भेसळ आढळलेली आहे, त्यामुळे उटण्यासाठीसुद्धा घरी दळलेली हळद बरी. वांगाचे काळे डाग हळदीने जात नाहीत. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे हाच मार्ग आहे. कुणी सांगितले म्हणून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइडयुक्त ‘गोरेपणाची’ ट्यूब त्वचा पातळ व लाल करून ठेवते आणि सोडली की त्रास उसळतो.

ऊन

या बाबतीत तुलना एकतर्फी आहे. खोबरेल, करडई, तीळ अशा कोणत्याही तेलाचे सूर्यकिरणांपासूनचे संरक्षण इतके क्षीण असते, की खान्देशच्या उन्हात त्यावर विसंबता येत नाही. झिंक ऑक्साइडसारखे घटक असलेले, एसपीएफ (ऊन अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) ३० चे सनस्क्रीन पुरेशा प्रमाणात लावले तर कातडी भाजणाऱ्या अतिनील बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, आणि घाम आल्यावर किंवा दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. दिवसभर रानात राबणाऱ्याला ते परवडतही नाही आणि जमतही नाही. साडीवर पूर्ण बाह्यांचा जुना सदरा चढवून, डोक्याला रुमाल बांधून कापूस वेचणाऱ्या बाया कोणत्याही क्रीमपेक्षा अधिक भरवशाचा उपाय करत असतात. चेहऱ्याच्या उघड्या भागापुरते सनस्क्रीन त्याला जोडले तर उत्तमच.

ज्या वनस्पती टाळाव्यात

कागदी लिंबाचा रस अतिशय आम्लधर्मी असतो, शिवाय त्यातील फ्युरोकूमरिन ही द्रव्ये सूर्यप्रकाशात कातडी भाजतात; रस चोळून उन्हात गेल्यास फोड येऊन मागे महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. कोडावर बावचीचे तेल घरच्या घरी लावणे याच कारणासाठी धोक्याचे आहे, कारण तिच्यातील सोरॅलेन हेही फ्युरोकूमरिनच आहे आणि त्याचा उपचार डॉक्टर मोजून-मापून करतात. सातपुड्यात सहज मिळणारा बिब्बा टाचांच्या भेगांवर लावण्याची जुनी रीत आहे. परंतु बिब्बा उतला की फोड, सूज आणि असह्य खाज येते, आणि तेच काम पेट्रोलियम जेली निमूटपणे करते.

गाजरगवताची ॲलर्जी शेतकऱ्यांमध्ये वारंवार आढळते : चेहरा, मान, पापण्या आणि कोपरांच्या आतल्या बाजूला खाजरी लाली. गाजरगवत झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातले आहे, म्हणून ही ॲलर्जी असलेल्यांना कॅलेंडुला, कॅमोमाइल, अर्निका यांचे अर्क असलेल्या क्रीमनेही त्रास होऊ शकतो. अशा व्यक्तींनी वनस्पतिजन्य क्रीम टाळून बिनवासाचे साधे मलम घ्यावे. इतरांनी कोणतेही नवे उत्पादन चेहऱ्यावर लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावे, कारण ॲलर्जीची प्रतिक्रिया पुष्कळदा पहिल्या दिवशी दिसत नाही.