लाइव्ह करायचं की दुसऱ्या दिवशी दाखवायचं? इंदुरातल्या छोट्या कार्यक्रमांपुरतं

गणेशोत्सवातली व्याख्यानं असोत, शाळेचं स्नेहसंमेलन असो की नव्या दवाखान्याचं उद्घाटन, बैठकीत कुणीतरी विचारतंच, "लाइव्ह करायचं ना?" विचारणाऱ्याचं मन बहुतेक आधीच तयार असतं. पुतण्याकडे चांगला फोन आहे, यूट्यूब पैसे घेत नाही, मग हरकत काय?

मी जनसंपर्काचं काम करतो. कार्यक्रम कुणाला कळला आणि कसा कळला, याची काळजी वाहण्याचे पैसे घेतो. दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या आहेत. एक म्हणजे थेट प्रक्षेपण. दुसरी म्हणजे नीट चित्रीकरण, त्याच संध्याकाळी वर्तमानपत्रांना फोटो आणि बातमी, सकाळी दीड मिनिटाची क्लिप आणि सवडीने पूर्ण व्हिडिओ. कॅमेरा कुठला, कोणतं सॉफ्टवेअर, हे तुमचा कॅमेरावाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

लाइव्हच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. इंदूरच्या मराठी घरातली निम्मी मुलं पुण्यात, बंगळुरात नाहीतर समुद्रापलीकडे. सभागृहाच्या पायऱ्या न झेपणारी आजी घरोघरी आहे. श्रद्धांजली सभा असेल तर मी स्वतःच लाइव्हचा आग्रह धरतो. त्या घडीला सोबत असण्याला दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओची सर येत नाही. शिवाय १२ तासांच्या आतलं प्रक्षेपण यूट्यूब आपोआप साठवून ठेवतं, म्हणजे संकलनाचा खर्चही वाचला.

परदेशातल्या मुलांचं कारण मात्र जरा तपासून घ्यावं. इंदुरात संध्याकाळचे ७ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि कॅलिफोर्नियात साडेसहा झालेले असतात. हिवाळ्यात आणखी एक तास अलीकडे. कामाच्या दिवशी त्या वेळेला कोण दोन तास व्याख्यान ऐकणार? ती मंडळी शनिवारी निवांत बघतात. म्हणजे ज्यांच्यासाठी लाइव्ह केलं, तीच रेकॉर्डिंग बघतात.

पण माझा निर्णय यावर झाला नाही. तो झाला तीन शब्दांवर: "आवाज येत नाही."

दीपप्रज्वलन होतं, पाहुणे बोलायला उभे राहतात आणि माझ्या खिशात फोन थरथरू लागतो. पहिला निरोप अध्यक्षांच्या मेहुण्यांचा, दुसरा कुणा काकूंचा, मग ग्रुपवर एकापाठोपाठ एक. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सचिव वाकून येतात. "अहो, पुण्याहून ताईचा फोन आहे. आवाज येत नाही म्हणते." मी मागे कॅमेऱ्यापाशी जातो. पोरगा हेडफोन न काढताच सांगतो, "भिया, यहाँ से तो बराबर जा रही है." आणि बहुधा तो खरंच बोलत असतो. फेसबुकवर व्हिडिओ समोर येतो तेव्हा पुष्कळदा आवाज बंदच असतो, तो बघणाऱ्याने उघडायचा. कुणाचं नेट अडकलेलं, कुणाच्या फोनला ब्लूटूथ चिकटलेलं. पण हे सगळं काकूंना समजावून सांगणार कोण? मीच. त्यात यूट्यूबचं चित्र काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे चालतं. तक्रार माझ्यापर्यंत येते तोवर वक्ता पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो. खरंच बिघाड असला तरी नक्की केव्हाचा, हे कळायला मार्ग नाही.

कधी बिघाड असतोही, आणि तो फसवा असतो. छोट्या सभागृहात तबला, पेटी तशीच ऐकू येते, म्हणून साउंडवाला मिक्सरवर ती खाली ठेवतो. त्याच मिक्सरमधून लाइव्हला तार दिली की घरच्यांना गायक कानाशी आणि तबला शेजारच्या घरात. व्याख्यानाचं तर आणखी वाईट. सभागृहात हशा पिकतो, पण श्रोत्यांच्या बाजूला माइक नसतो. घरी ऐकणाऱ्याला वाटतं, विनोद पडला. मग एकामागून एक विनोद पडतच जातात, आणि चांगला बोलणारा माणूस घरबसल्या शे-दोनशे लोकांत उगाच फिका ठरतो. श्रोत्यांकडे तोंड करून एक माइक लावला की हे टळतं. चित्रीकरणात असा वेगळा माइक घेऊन हशा नंतर हवा तेवढा वर उचलता येतो. लाइव्हमध्ये जो गेला तो गेला.

यात माझं जातं काय? तर तो अर्धा तास. इंदुरात मराठी कार्यक्रमाची बातमी हिंदी वर्तमानपत्रांतून जाते, आणि ही काही परकी गोष्ट नाही. १९४७ साली सुरू झालेल्या 'नईदुनिया'चं संपादकपद राहुल बारपुते यांच्यासारख्या मराठी माणसाने वर्षानुवर्षं सांभाळलं. पण आजचा वार्ताहर घाईत असतो. त्याला त्याच संध्याकाळी आणखी दोन कार्यक्रम असतात. तो येतो, अर्धा तास बसतो, जातो. तेवढ्यात त्याच्या हातात नावं बिनचूक लिहिलेला कागद द्यायचा, काळेंचे काले होणार नाहीत हे बघायचं, वक्त्याचं मथळ्याजोगं एक वाक्य कानावर घालायचं, दोन मिनिटांची बाइट जमवायची, फोटोसाठी माणसं उभी करायची. माझा धंदा एवढाच. त्या वेळी मी मागे उभा राहून काकूंना ब्लूटूथ बंद करायला सांगत असलो, तर दुसऱ्या दिवशी निमंत्रणपत्रिका जशीच्या तशी छापून येते आणि खाली "बड़ी संख्या में गणमान्य नागरिक उपस्थित थे".

प्रेस नोटचा इतिहास सांगताना हटकून नाव निघतं ते अमेरिकेतले जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांचं. १९०६ साली अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला, तेव्हा त्यांनी रेल्वे कंपनीतर्फे निवेदन काढलंच, शिवाय पत्रकारांना अपघाताच्या जागी नेण्याचीही सोय केली. कागद देऊन ते थांबले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. लाइव्हची लिंक गेली की आमच्याकडे नेमकं उलटं होतं. "भाई साहब, लिंक भेज दीजिए, वहीं से बना लेंगे." न आलेल्या वार्ताहराची बातमी कशी असते, ते वेगळं सांगायला नको.

श्रोत्यांचंही तेच. रीगलच्या बाजूला प्रीतमलाल दुआ सभागृहात कार्यक्रम असेल तर गाडी लावायची कुठे, हा प्रश्न घरातूनच सुरू होतो, आणि हातात लिंक असली की तो तिथेच सुटतो. घरी राहिलेला माणूस तरी सगळं बघतो का? माझा अनुभव असा की आपल्या माणसाचा सत्कार होईपर्यंत आकडा चढतो, मग उतरतो. इकडे मंचावरून काढलेल्या फोटोत मात्र रिकाम्या खुर्च्या कायमच्या. इथल्या सानंद या मराठी सांस्कृतिक संस्थेचं उदाहरण बघा. एकच नाटक वेगवेगळ्या सभासद-गटांसाठी लागोपाठ होतं, आणि आपल्या गटाचा दिवस ठरलेला असतो. लोक जेवणं लवकर उरकून निघतात, कारण खुर्ची त्या दिवसापुरती आपली असते. हा सगळा परिणाम लिंक नसण्याचा, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. तिथे नाटकही चांगलं असतं.

दुसऱ्या तऱ्हेतही डोकेदुखी आहे. "आठवड्याभरात देतो" म्हणणारा संकलक महिन्याने फोन उचलतो. पदाधिकाऱ्यांना प्रत्येक शाल-श्रीफळ व्हिडिओत हवं असतं, आणि दीड मिनिटाच्या क्लिपवरून पाऊण तास वाद होतो. यावर माझा तोडगा साधा: क्लिप त्याच रात्री, मोबाइलसाठी उभी, आणि ती हातात आल्याशिवाय उरलेले पैसे नाहीत. क्लिपमध्ये एकच माणूस, एकच मुद्दा, जमल्यास शेवटी हशा. सकाळी पोह्यांच्या वेळेला ती ग्रुपवर पडली की संध्याकाळपर्यंत फिरत राहते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टवर फार विसंबू नये. एका यादीत २५६ नावं मावतात, आणि तुमचा नंबर ज्यांनी साठवलेला आहे त्यांनाच निरोप पोचतो. ज्याला पोचत नाही, त्याला आपण यादीत होतो हेही कळत नाही.

चित्रीकरणाचा आणखी एक फायदा लोकांच्या फारसा ध्यानात येत नाही. कार्यक्रमाआधी साउंडवाला हौसेने सिनेमातलं गाणं लावतो. यूट्यूब चालू प्रक्षेपणातही दुसऱ्याच्या मालकीचं संगीत ओळखतं आणि तुमच्या चित्राच्या जागी स्थिर फलक टाकू शकतं. प्रसंगी प्रक्षेपणच थांबवतं. चित्रीकरणात तो तुकडा कापला की झालं.

थोडक्यात खर्चाचं. पुतण्याचा फोन फुकट असतो, पण मिक्सरची तार, जादा माइक, खात्रीचं नेट आणि ते सांभाळणारा माणूस धरला तर लाइव्ह स्वस्त राहत नाही. दोन्ही करण्याइतके पैसे असतील तर दोन्ही करा. नसतील, आणि प्रसंग शोकाचा किंवा घरगुती नसेल, तर मी आपला चित्रीकरणाकडे झुकेन. तुमचं मंडळ वेगळं असू शकतं. तुमच्या काकूंना ब्लूटूथ कळत असेल.

लाइव्हच ठरलं तर दोन-तीन गोष्टी आधी उरका. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायची परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात, आणि फोनवरून करायचं असेल तर चॅनलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. हे कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी शोधू नका. सभागृहाच्या वायफायवर जाऊ नका, गर्दी जमली की ते सगळ्यांचंच होतं. आणि तक्रारींसाठी ग्रुपवर एक नंबर द्या, तो फोन धरून बसायला एक शांत स्वभावाचा माणूस नेमा. फक्त तो माणूस मी नसावा, एवढं बघा.